दीड वाजला, पण अडीच वाजले!

इंग्रजी अपूर्णांकापुढे ‘इज’ लिहायचे की ‘आर’? बेंगळुरूतल्या मराठी घरांत मुलांच्या अभ्यासाच्या वेळी हा प्रश्न हमखास निघतो. गंमत म्हणजे त्याचे निम्मे उत्तर मराठी माणसाला जन्मापासून ठाऊक असते!

१६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कावेरीच्या पाण्याचा निकाल दिला. लवादाने २००७ मध्ये कर्नाटकाला २७० टीएमसी पाणी दिले होते, ते न्यायालयाने २८४.७५ टीएमसी केले. म्हणजे पावणेपंधरा टीएमसीची वाढ. त्यातले पावणेपाच टीएमसी पाणी एकट्या बेंगळुरूच्या पिण्यासाठी आणि घरगुती वापरासाठी होते. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. आता लावा हिशेब!

पण मुळात लवादाने बेंगळुरूचा वाटा कमी का धरला होता? कारणे दोन होती आणि दोन्ही अपूर्णांकांत होती. शहराचा एक-तृतीयांश भागच कावेरीच्या खोऱ्यात येतो, हे पहिले. पिण्याच्या पाण्याची निम्मी गरज जमिनीखालच्या पाण्यातून भागेल, हे दुसरे. न्यायालयाने ही दोन्ही कारणे बाजूला ठेवली, तेव्हा कोटीहून अधिक लोकवस्तीच्या या शहराला जादा पाणी मिळाले. पाव, अर्धा, एक-तृतीयांश या गोष्टी केवळ पाटीवरच्या नसतात, त्या नळापर्यंत पोहोचतात.

आता हीच माहिती इंग्रजीत लिहायची वेळ आली समजा. ‘शहराचा दोन-तृतीयांश भाग खोऱ्याबाहेर आहे.’ मुलगा लिहितो, ‘टू-थर्ड्‌स ऑफ द सिटी आर...’ आणि बाई लाल शाईने ‘आर’ खोडून ‘इज’ करतात. मुलगा चक्रावतो. ‘थर्ड्‌स’ला तर ‘एस’ लागलाय, आकडा दोनचा आहे, मग ‘इज’ कसे? तो आईकडे जातो. आई सांगली-साताऱ्याकडे मराठी माध्यमात शिकलेली. ती म्हणते, ‘बाबा आले की विचार.’ बाबा आयटी कंपनीतून रात्री नऊला येतात आणि म्हणतात, ‘गूगल कर!’

वाचकहो, यातले काहीच करायची गरज नाही. आईला उत्तर येते. ते आपल्याला येते, हेच तिला कुणी सांगितलेले नसते.

दूध सांडले, मुले आली

पुढची दोन मराठी वाक्ये मोठ्याने म्हणा. ‘अर्धे दूध सांडले.’ ‘अर्धी मुले आली.’ पहिल्यात ‘सांडले’, दुसऱ्यात ‘आली’. अपूर्णांक दोन्हीकडे एकच, तरी क्रियापद बदलले. का? कारण मराठीत ‘अर्धा’ हे विशेषण आहे, ते नामाच्या मागून चालते. अर्धा आंबा, अर्धी पोळी, अर्ध्या पोळ्या. क्रियापद अपूर्णांकाला विचारतच नाही, थेट नामाला विचारते.

इंग्रजीचा नियम नेमका हाच! अपूर्णांक किंवा टक्केवारी आली की तिच्या पुढे ‘ऑफ’ शोधायचा आणि त्या ‘ऑफ’नंतर काय आहे ते पाहायचे. तिथे न मोजता येणारी किंवा एकच वस्तू असेल तर ‘इज’. तिथे अनेक वस्तू किंवा माणसे असतील तर ‘आर’.

‘टू-थर्ड्‌स ऑफ द मिल्क इज गॉन.’ दूध मोजता येत नाही, म्हणून ‘इज’. ‘टू-थर्ड्‌स ऑफ द चिल्ड्रन आर हिअर.’ मुले अनेक, म्हणून ‘आर’. ‘फिफ्टी परसेंट ऑफ द वर्क इज डन,’ पण ‘फिफ्टी परसेंट ऑफ द वर्कर्स आर ऑन लीव्ह.’ ‘हाफ’, ‘सम’, ‘ऑल’, ‘मोस्ट’, ‘अ लॉट ऑफ’, ‘प्लेंटी ऑफ’ ही सगळी मंडळी याच घराण्यातली.

मात्र अपूर्णांक स्वतःच विषय असेल, म्हणजे निव्वळ एक संख्या म्हणून आला असेल, तर तो एकवचनी. ‘थ्री-फोर्थ्‌स इज मोअर दॅन अ हाफ.’ आपणही ‘पाऊण हा अर्ध्यापेक्षा मोठा’ असेच म्हणतो, ‘मोठे’ म्हणत नाही.

तांदूळ, केस आणि दागिने

मग निम्मेच उत्तर का म्हटले? उरलेल्या निम्म्यात खरा खड्डा आहे. नामाला विचारायचे हे खरे, पण ते नाम इंग्रजीतले हवे. मराठीत जे अनेकवचनी आहे, ते इंग्रजीत एकवचनी असू शकते, आणि नेमके तिथेच मराठी घरातली हुशार मुलेही चुकतात.

आपण म्हणतो, ‘निम्मे तांदूळ संपले.’ तांदूळ अनेक! पण इंग्रजीतला ‘राइस’ न मोजता येणारा, म्हणून ‘हाफ ऑफ द राइस इज फिनिश्ड.’ आपण म्हणतो, ‘बाबांचे अर्धे केस पांढरे झाले.’ इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून एकच ‘हेअर’, म्हणून ‘हाफ ऑफ हिज हेअर हॅज टर्न्ड ग्रे.’ आपले ‘निम्मे दागिने बँकेत आहेत,’ पण इंग्रजीत ‘हाफ ऑफ द ज्वेलरी इज इन द बँक.’ आपले ‘पैसे संपले,’ इंग्रजीत ‘द मनी इज गॉन.’

उलट्या दिशेचेही नमुने आहेत. आपली कात्री एक, इंग्रजीतली ‘सिझर्स’ अनेक. आपला चष्मा फुटला तर इंग्रजीत ‘ग्लासेस आर ब्रोकन’. पोलीस मात्र दोन्ही भाषांत अनेकवचनी, ‘द पोलीस आर कमिंग’. आणि ‘न्यूज’ला ‘एस’ दिसला म्हणून फसू नका, बातम्या कितीही वाईट असल्या तरी ‘द न्यूज इज बॅड’.

तीन लाखांचे बेंगळुरू

आता रकमेकडे वळू. बेंगळुरूचा आणि मराठी माणसाचा संबंध आयटी कंपन्यांच्या कितीतरी आधीचा. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी हे शहर केम्पेगौडांच्या वंशजाकडून घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे तंजावरला स्थिरावले. १६८७ मध्ये मोगलांचा सरदार कासीम खान याने बेंगळुरू घेतले आणि लगोलग ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्या हवाली केले. किंमत? इतिहासाच्या पुस्तकांत आकडा येतो तीन लाख रुपये!

‘तीन लाख रुपये दिले’ यात मराठी क्रियापद अनेकवचनी. पण ‘तीन लाख रुपये ही फार मोठी रक्कम होती’ असे म्हटले की? ‘ही होती’! म्हणजे रुपये अनेक असले तरी रक्कम एक झाली. इंग्रजी हेच करते, फक्त ‘रक्कम’ हा शब्द मनातल्या मनात धरते. ‘थ्री लॅख रुपीज वॉज अ लार्ज सम.’ अंतर, वेळ, वजन, पैसा यांचे एक गाठोडे बांधले की ‘इज’. ‘टेन किलोमीटर्स इज अ लाँग वॉक.’ ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ.’ कावेरीचे पावणेपाच टीएमसीही एकगठ्ठा दिले, म्हणून त्याच्यापुढे ‘वॉज’.

गाठोडे सोडले, सुटे सुटे मोजले, की ‘आर’. शंभराच्या पाच नोटा टेबलावर पडल्या असतील तर ‘फाइव्ह नोट्स आर ऑन द टेबल’. घरात नंदिनीच्या दोन पिशव्या आल्या तर ‘टू पॅकेट्स ऑफ मिल्क आर इन द फ्रिज’, पण खिरीला दोन लिटर दूध पुरत असेल तर ‘टू लिटर्स ऑफ मिल्क इज इनफ’.

दीडचे कोडे

आता घड्याळाकडे पाहा. पाऊण वाजला. सव्वा वाजला. दीड वाजला. पावणेदोन वाजले. अडीच वाजले. दीडपर्यंत ‘वाजला’ आणि पावणेदोनपासून ‘वाजले’! तसेच दीड रुपया, पण पावणेदोन रुपये. दीड वर्ष झाले, पण अडीच वर्षे झाली.

याचे रहस्य शब्दाच्या पोटात आहे. ‘दीड’ आला संस्कृत ‘द्व्यर्ध’वरून, म्हणजे ज्यातला दुसरा अर्धाच आहे असा. दुसरा अजून पुरा व्हायचा आहे, मग अनेकवचन कसले? ‘अडीच’ म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा. ‘सव्वा’ म्हणजे सपाद, पावासकट. ‘साडे’ म्हणजे सार्ध, अर्ध्यासकट. ‘पाऊण’ म्हणजे पादोन, पाव कमी. जर्मन लोकही दीडला ‘आन्डर्टहाल्ब’ म्हणतात, त्याचाही अर्थ ‘दुसरा अर्धा’च. कुठे जर्मनी आणि कुठे मिरज!

इंग्रजीला हे मान्य नाही. एकाच्या पुढे रेसभरही गेले की तिथे अनेकवचन सुरू होते. म्हणून ‘वन अँड अ हाफ इयर्स’, ‘वन अँड अ क्वार्टर माइल्स’. दशांश चिन्ह आले तर एकाच्या आतही अनेकवचन, ‘झीरो पॉइंट फाइव्ह लिटर्स’. मात्र तेच शब्दांत सांगितले की ‘हाफ अ लिटर’. फ्रेंच भाषा मात्र आपल्याला जवळची. तिथे दोन पुरे होईपर्यंत नाम एकवचनीच राहते, दीड लिटरही एकवचनी आणि १.९ लिटरही.

तेव्हा ‘वन अँड हाफ इयर’ लिहिणारे मराठी मूल अडाणी नसते. ते मराठीतल्या ‘दीड वर्षा’चे इमानाने भाषांतर करत असते. त्याला रागावण्याऐवजी दोन गोष्टी सांगाव्यात. एक, मध्ये ‘अ’ हवा आणि शेवटी ‘एस’ हवा. दोन, ते अवघड वाटले तर ‘अ इयर अँड अ हाफ’ म्हणावे, म्हणजे ‘इयर’ एकवचनीच राहतो आणि मराठी मनालाही बरे वाटते. ‘दीड वर्ष म्हणजे फार झाले’ असे एकगठ्ठा म्हणायचे असेल तर वरचा रकमेचा नियम लागू, ‘वन अँड अ हाफ इयर्स इज अ लाँग टाइम’.

रिक्षावाल्याचे ‘वन अँड हाफ’

बेंगळुरूत हे वाक्य सर्वांत जास्त कोण बोलते? रिक्षावाले! रात्री दहा ते पहाटे पाच मीटरच्या दीडपट भाडे, आणि त्यांचा परवलीचा शब्द ‘वन अँड हाफ’. व्याकरणाला हवे असते ‘वन अँड अ हाफ टाइम्स’, पण रात्री साडेदहाला मॅजेस्टिकच्या स्टँडवर व्याकरण काढणारा घरी चालतच जाईल.

त्यांच्या बोलण्यामागे कन्नड आहे. कन्नडमध्ये पावाला ‘कालु’, पाऊणला ‘मुक्कालु’ आणि दीडला ‘ओंदूवरे’ म्हणतात. यातला ‘कालु’ मोठा मजेशीर. त्याचा दुसरा अर्थ पाय! आणि आपला ‘पाव’ कुठून आला? संस्कृत ‘पाद’वरून, म्हणजे पायच. चार पायांच्या जनावराचा एक पाय तो चौथा हिस्सा. भाषांची कुळे वेगळी, पण मोजणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गाय एकच असावी.

कन्नड बोलताना निर्जीव वस्तूंच्या आधी आकडा आला की नाम बहुधा एकवचनीच ठेवतात. दहा म्हटले की अनेक हे कळलेच, पुन्हा प्रत्यय कशाला, असा साधा व्यवहार. शाळेच्या मैदानावर कन्नड, घरी मराठी, वर्गात इंग्रजी अशा तीन हिशेबांत वाढणाऱ्या मुलाचे ‘इज’ आणि ‘आर’ डळमळले तर नवल नाही.

हा प्रश्न इथल्या सरकारलाही सुटलेला नाही. पहिली ते चौथी मातृभाषेतून किंवा कन्नडमधून शिकवावे, असे धोरण कर्नाटकाने १९९४ मध्ये आणले. ते न्यायालयांत गेले आणि मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले, की माध्यम निवडण्याची सक्ती सरकार करू शकत नाही. निवड आईवडिलांवर आली, आणि निवडीबरोबर घरचा अभ्यासही!

शिक्षकांनाही मदत लागते, हे फार पूर्वी ओळखले गेले. बेंगळुरूतली ‘रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश, साउथ इंडिया’ ही संस्था १९६३ पासून दक्षिणेकडच्या राज्यांतल्या शिक्षकांना इंग्रजी कसे शिकवावे याचे प्रशिक्षण देते. शिक्षकांना जे शिकावे लागते, ते आईला आपोआप यावे ही अपेक्षाच चूक.

आमदार किती तृतीयांश?

काही जागा मात्र पाठच करायला हव्यात. कर्नाटक विधानसभेत २२४ जागा. त्यांचे दोन-तृतीयांश म्हणजे १४९ पूर्णांक एक-तृतीयांश. आता एक-तृतीयांश आमदार कुठून आणणार? म्हणून किमान १५० हवेत. इंग्रजीत ‘टू-थर्ड्‌स ऑफ द मेंबर्स वेअर प्रेझेंट’, कारण सदस्य अनेक. पण ‘अ टू-थर्ड्‌स मेजॉरिटी इज नीडेड’, कारण इथे नाम आहे ‘बहुमत’ आणि ते एकच.

‘द नंबर ऑफ’ आणि ‘अ नंबर ऑफ’ यांत तर कैक पदवीधर घसरतात. मराठी करून पाहा. ‘विद्यार्थ्यांची संख्या वाढली’, इथे विषय आहे संख्या, म्हणून ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅज इन्क्रीज्ड’. ‘बरेच विद्यार्थी आले’, इथे विषय आहेत विद्यार्थी, म्हणून ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स हॅव कम’.

‘माझा एक मित्र’ याचे ‘वन ऑफ माय फ्रेंड’ होते, ते ‘वन ऑफ माय फ्रेंड्‌स’ हवे. मित्र पुष्कळ, त्यांतला एक, आणि क्रियापद त्या एकाचे, म्हणून ‘इज’. आणि एका ठिकाणी तर्क सोडूनच द्यावा. ‘मोअर दॅन वन’ म्हणजे निदान दोन, तरी इंग्रजी म्हणते ‘मोअर दॅन वन स्टुडंट वॉज अ‍ॅबसेंट’. का? ‘वन’ शेजारी बसलाय म्हणून! प्रत्येक भाषेचे असे एखादे लाडके मूल असतेच.

स्वयंपाकघरातली शिकवणी

रविवारी दहा मिनिटे काढा. मुलाला ओट्याजवळ उभे करा आणि प्रत्येक वाक्याआधी तीन प्रश्न विचारा. कशाचा हिस्सा? ती वस्तू इंग्रजीत मोजता येते का? सगळे मिळून एक गाठोडे आहे की सुटे?

निम्मे तांदूळ भिजलेत. (‘हॅज’. राइस मोजता येत नाही.)

तीन-चतुर्थांश बटाटे उकडलेत. (‘आर’. बटाटे अनेक.)

पन्नास टक्के साखर सांडली. (‘इज’. साखर न मोजता येणारी.)

दोन तास खूप झाले. (‘इज’. वेळेचे गाठोडे.)

पाहुण्यांपैकी एक-तृतीयांश शाकाहारी आहेत. (‘आर’. पाहुणे अनेक.)

पाहुण्यांपैकी एक शाकाहारी आहे. (‘इज’. एकच.)

आणि घरात आजी असतील तर त्यांनाही बोलवा. पूर्वी मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी अशी अपूर्णांकांची पाढ्यांची पलटणच पाठ करून घेत. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पावली-अधेली गेल्या आणि पावकी-निमकीही हळूहळू मागे पडली. पण आपल्या बोलण्यातून अपूर्णांक हलले नाहीत. दीड दिवसाचा गणपती, सव्वा रुपयाची दक्षिणा, साडेतीन मुहूर्त, पेशवाईतले साडेतीन शहाणे, सगळे जागच्या जागी आहेत.

इंग्रजी पुस्तक समोर ठेवून मूल अडले, की आधी त्याला तेच वाक्य मराठीत म्हणायला सांगा. क्रियापद कुणाच्या मागे गेले ते त्याला स्वतःला दिसेल. मग इंग्रजी नाम मोजता येते की नाही, एवढेच तपासायचे उरते. रेन अँड मार्टिन आणि तर्खडकर कपाटात राहू द्या, लागले तर आहेतच. आजींनी औटकी म्हणून दाखवली, तर ती मात्र मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.